पडून राहिलेली बॅटरी उन्हावर भरती ठेवा
ट्रॅक्टर, झटका मशीन आणि फवारणी पंप यांच्या बॅटऱ्यांची बिनहंगामातली निगा

सुलतानपूर व आसपासच्या शेतकऱ्यांसाठी



मृग लागतो. पाऊस चांगला होतो, मग उघडीप मिळते आणि वावरात वापसा येतो. बियाणे घरात आहे, खत आहे, गडी-बायांना सांगून ठेवले आहे. सकाळी सहाला तुम्ही ट्रॅक्टरवर बसता, किल्ली फिरवता, आणि 'टक्' असा एकच आवाज येतो. सेल्फ काही फिरत नाही. पुन्हा किल्ली, पुन्हा टक्. मीटरवरचा दिवासुद्धा मिणमिणतो.

आता काय करायचे? शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून घ्यावे, तर तो स्वतःच पेरणीला निघालेला असतो. बॅटरी खोलून मोटारसायकलवर मेहकरला किंवा लोणारला न्यावी, तर दुकानासमोर आपल्यासारखेच दहाजण उभे असतात. दुकानदार म्हणतो, "ठेवून जा, उद्या संध्याकाळी पाहू." इकडे दुपारी आभाळ पुन्हा भरून येते आणि पेरणी चार दिवस मागे पडते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असे आम्ही दरवर्षी सांगतो. तुम्ही ते ऐकता, धीर धरता, आणि नेमका वापसा आला त्या दिवशी बॅटरी दगा देते.

बॅटरी त्या दिवशी मेलेली नसते. ती हळूहळू, ट्रॅक्टर कोठ्यात उभा असताना मेलेली असते. हे कसे घडते आणि एका लहानशा सोलर पॅनेलने ते कसे टाळता येते, ते या पत्रिकेत सांगितले आहे. रेडिओवर ऐकलेले आकडे ध्यानात राहात नाहीत, म्हणून इथे छापून दिले आहेत.

ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही त्यांनीही हे वाचावे. रानडुकरे आणि रोही यांच्या त्रासाने आता पुष्कळांनी झटका मशीन घेतले आहे. पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप तर घरोघरी आहे. त्यांच्याही बॅटऱ्या वर्षातले कित्येक महिने कोपऱ्यात पडून असतात आणि तिथेच खराब होतात.

बॅटरी पडल्या-पडल्या रिकामी का होते?

पाण्याचा मातीचा रांजण पाहा. तो भरून ठेवला आणि कोणी एक तांब्याही घेतला नाही, तरी तो आपोआप उतरतो, कारण तो पाझरतो. बॅटरीचेही तसेच आहे. आत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचे पातळ ॲसिड असते. तारा जोडलेल्या असोत की नसोत, आत थोडी थोडी रासायनिक क्रिया चालूच राहते आणि भरलेली वीज कमी होत जाते.

हा पाझर किती असतो? हवा बेताची, म्हणजे २५ अंशांच्या आसपास असेल, तर चांगल्या नव्या बॅटरीतली वीज महिन्याला शंभरातले तीन ते पाच भाग उतरते. जुन्या बॅटरीत याहून जास्त. आणि उष्णता दर १० अंश वाढली की हा वेग जवळपास दुप्पट होतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४० अंश आणि त्याहून जास्त तापते. पत्र्याच्या शेडखाली तर विचारूच नका. म्हणजे हरभरा-गहू निघाल्यावर मार्चमध्ये झटका मशीन घरात आणून ठेवले आणि जूनमध्ये काढले, तर मधले तीन महिने बॅटरीला सगळ्यात वाईट असतात. लोकांना वाटते, वापरली नाही म्हणजे टिकली. घडते ते उलटेच.

ट्रॅक्टरला आणखी एक चोर असतो. घड्याळ, टेप, नवा डिजिटल मीटर, कोणी बसवलेले गाडी कुठे आहे ते सांगणारे यंत्र, ही सारी किल्ली बंद असतानाही थोडी वीज खातात. समजा ती फक्त २० मिलीअँपिअर आहे. हिशेब करा: दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर, महिन्याला साधारण १४. तुमची बॅटरी ७५ अँपिअर-अवरची असेल, तर एका महिन्यात पाचवा हिस्सा बसल्या जागी गेला. दोन-अडीच महिने ट्रॅक्टर उभा राहिला की बॅटरी निम्म्यावर आली.

रिकामी राहिली तर काय बिघडते?

कोणी म्हणेल, उतरली तर उतरली, पुन्हा भरून आणू. नुकसान इथेच होते.

बॅटरीतून वीज निघते तेव्हा शिशाच्या पट्ट्यांवर एक पांढरा क्षार धरतो. त्याला शिशाचे सल्फेट म्हणतात. ताजा क्षार बारीक असतो. लगेच चार्जिंग केले की तो विरघळून पुन्हा शिसे आणि ॲसिड तयार होते. पण बॅटरी अर्धी-रिकामी तशीच आठवडेच्या आठवडे पडून राहिली, की त्या बारीक कणांचे मोठे, कठीण खडे बनतात. पिठीसाखर पाण्यात टाकली तर चमचा फिरवताच विरघळते, आणि खडीसाखर टाकली तर तळाशी बसून राहते, तसा हा प्रकार आहे. मग चार्जरला दोन दिवस लावली तरी तेवढी पट्टी कामाची राहात नाही. बॅटरी भरल्यासारखी दिसते, पण सेल्फ मारला की बसते.

म्हणून पाच वर्षे चालू शकणारी बॅटरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच बदलावी लागते आणि आपण कंपनीला दोष देतो. नवी बॅटरी काही हजारांना पडते. ती टिकवायचा मंत्र एकच आहे: ठेवायची तर पूर्ण भरून ठेवा, आणि ठेवल्यावर भरतीच राहू द्या.

बॅटरीची तब्येत कशी ओळखावी?

एक साधा मल्टिमीटर घ्या. गावातल्या वायरमनकडे असतोच. चार घरांत मिळून एक घेतला तरी चालेल. सकाळी ऊन पडायच्या आधी, पॅनेल किंवा चार्जर सोडवून, बॅटरीच्या दोन टर्मिनलवर लावा. बॅटरी नुकतीच चार्जिंगवरून काढली असेल तर चार-सहा तास थांबून मोजा, नाहीतर आकडा फुगलेला दिसतो. १२ व्होल्टच्या बॅटरीचा ताळा असा आहे:

१२.६ व्होल्ट किंवा जास्त : पूर्ण भरलेली
१२.४ व्होल्ट : पाऊण
१२.२ व्होल्ट : निम्मी
१२.० व्होल्ट : पाव
११.८ व्होल्ट किंवा कमी : रिकामी

बघा, भरलेली आणि रिकामी यांत एका व्होल्टाचाही फरक नाही. म्हणून "बारा दाखवते, म्हणजे ठीक आहे" असे म्हणू नका. बारा दाखवणारी बॅटरी जवळपास उपाशी असते. पडून असलेली बॅटरी १२.४ च्या खाली जाऊ द्यायची नाही, हा नेम ठेवा.

बूच असलेल्या बॅटरीत हायड्रोमीटरनेही तपासता येते. सहाही खान्यांतले आकडे जवळजवळ सारखे हवेत. पाच खाने सारखे आणि एकच फार खाली असेल, तर तो खाना गेला असे समजा. अशा बॅटरीवर पॅनेल लावून काही उपयोग नाही. ती बदलावीच लागेल.

पॅनेल केवढे घ्यावे?

थंड देशांत लोक घरासारख्या मोठ्या मोटारी हिवाळाभर उभ्या करून ठेवतात आणि टपावर लहानसे पॅनेल लावून बॅटरी जागती ठेवतात. आपल्याकडे तर ऊन मागेल तेवढे आहे. तेव्हा हीच युक्ती आपल्या कोठ्यात करायला काय हरकत आहे?

रोज किती वीज लागते ते पाहू. ७५ अँपिअर-अवरची ट्रॅक्टरची बॅटरी आहे. उन्हाळ्यात पाझर महिन्याला शंभरात दहा धरला, तर दिवसाला पाव अँपिअर-अवर. घड्याळ-टेपचा खर्च अर्धा. दोन्ही मिळून पाऊण अँपिअर-अवर.

आता पॅनेल काय देते? १० वॅटचे, १२ व्होल्ट बॅटरीसाठीचे पॅनेल भर उन्हात अर्ध्या अँपिअरहून थोडे जास्त देते. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन धरून दिवसभराचे ऊन भर दुपारच्या साधारण पाच तासांएवढे भरते. म्हणजे रोज अडीच अँपिअर-अवर. गळती वजा जाता दोन तरी पदरात पडतात. गरज पाऊण, मिळतात दोन. पावसाळ्यात आठ-आठ दिवस आभाळ असते, तेव्हा मिळकत तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येते, पण तोही पाझर बराचसा भरून काढते. म्हणून ट्रॅक्टरला १० वॅटचे पॅनेल पुरे. याहून फार मोठे घेण्यात फायदा नाही.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हे पॅनेल पाझर भरून काढण्यासाठी आहे. रिकामा रांजण भरायला ते पुरणार नाही. दिवसाला दोनच्या हिशेबाने ७५ ची रिकामी बॅटरी भरायला महिन्याहून जास्त दिवस लागतील, आणि तोवर पट्ट्यांवर खडे धरलेले असतील. म्हणून आधी बॅटरी दुकानात किंवा घरच्या चार्जरवर पूर्ण भरा, मगच पॅनेलवर लावा.

फवारणी पंपाची बॅटरी ८ किंवा १२ अँपिअर-अवरची असते. तिलाही हेच १० वॅटचे पॅनेल चालते. ट्रॅक्टरची बॅटरी भरलेली असली, की पंधरा दिवसांतून दोन दिवस पंपाच्या बॅटरीला पाळी द्या.

मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच

पॅनेलच्या दोन तारा सरळ बॅटरीला चिकटवल्या की काम झाले, असे पुष्कळजण समजतात. तसे करू नका.

१२ व्होल्टचे म्हणून विकलेले पॅनेल उन्हात मोकळे मोजले तर २० ते २२ व्होल्ट दाखवते. आत एकामागून एक जोडलेल्या ३६ चकत्या असतात आणि काम करताना प्रत्येक साधारण अर्धा व्होल्ट देते. बॅटरी भरल्यावरही वीज येतच राहिली, तर १४.४ व्होल्टच्या वर आतले पाणी वेगाने फुटून वायू होतो, पाणी आटते, पट्ट्या उघड्या पडतात. उपाशी मारायची ती आपण जास्त खाऊ घालून मारतो.

चार्ज कंट्रोलर हे काम सांभाळतो. बॅटरी भरली की तो वीज आखडती घेतो आणि साधारण १३.५ ते १३.८ व्होल्टवर तिला धरून ठेवतो. रात्री बॅटरीतली वीज उलटी पॅनेलकडे जाऊ देत नाही. १० वॅटच्या पॅनेलला ५ अँपिअरचा साधा कंट्रोलर भरपूर झाला. पॅनेल आणि कंट्रोलर दोन्ही मिळून नव्या बॅटरीच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात येतात. घेताना दुकानदाराला विचारा, यात बूच असलेली बॅटरी आणि सील बॅटरी यांची वेगवेगळी नेमणूक आहे का? आपली जी बॅटरी असेल त्याप्रमाणे ती लावून घ्या.

जोडायची रीत

१. बॅटरी आधी स्वच्छ करा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने धुवा. बूच घट्ट असू द्या, सोड्याचे पाणी आत जाता कामा नये. फडक्याने कोरडे करा. बॅटरीच्या डोक्यावर धूळ आणि ओल मिळून बसली की तिच्यातूनही वीज पाझरते.

२. ट्रॅक्टरची तार सोडवताना आधी मायनस सोडवा, मग प्लस. परत लावताना आधी प्लस, मग मायनस. हा क्रम चुकला आणि पाना ट्रॅक्टरच्या लोखंडाला टेकला, तर ठिणगी उडते आणि हात भाजतो. ट्रॅक्टर दोन-तीन महिने उभाच राहणार असेल तर त्याची मायनसची तार सोडूनच ठेवा. घड्याळ-टेपचा चोर आपोआप बंद होतो.

३. पॅनेल उन्हात ठेवण्याआधी त्यावर पोते टाका. कंट्रोलर बॅटरीजवळ, सावलीत, भिंतीला लावा. आधी कंट्रोलरच्या तारा बॅटरीला जोडा: प्लसला प्लस, मायनसला मायनस. मग पॅनेलच्या तारा कंट्रोलरला जोडा. शेवटी पोते काढा. सोडवताना उलट क्रम: आधी पॅनेल, मग बॅटरी.

४. बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरावर तारेत ५ अँपिअरचा फ्यूज घाला. उंदराने तार कुरतडली तर कोठ्याला आग लागण्याऐवजी फ्यूज जाईल. कोठ्यात कडबा-कुटार असते, तेव्हा हा दोन पैशांचा फ्यूज टाळू नका.

५. जोड झाल्यावर टर्मिनलला पेट्रोलियम जेली किंवा थोडे ग्रीस लावा.

पॅनेल कुठे आणि कसे ठेवावे?

तोंड दक्षिणेकडे करा. आपले सुलतानपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २० अंशांवर आहे, म्हणून पॅनेलचा उतारही साधारण २० अंश ठेवा. कोनमापक लागत नाही. पॅनेल तीन विती लांब असेल तर त्याची मागची कड एक वीत उंच करा, की झाला २० अंशांचा उतार. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा पॅनेल सपाट असते तरी चालले असते; पण उतार असला की पहिल्या पावसाने धूळ आपोआप धुऊन जाते.

सावलीची फार काळजी घ्या. पॅनेलच्या चकत्या एकामागून एक जोडलेल्या असतात. पाटाच्या तोंडाशी एक दगड आला की पुढच्या सगळ्या सऱ्यांचे पाणी अडते, तसे एका चकतीवर लिंबाच्या फांदीची सावली पडली की सगळ्या पॅनेलची वीज घटते. चिमण्यांची घाण आणि मळणीची धूळ ओल्या फडक्याने पंधरा दिवसांनी पुसा. सकाळी थंड असताना पुसा; भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका.

कोठ्याच्या पत्र्यावर बसवाल तर तारेने किंवा पट्टीने पक्के बांधा. वावधान सुटले की पॅनेल शेजारच्या वावरात जाईल. वानरांचा उपद्रव असेल तर तार पाइपातून खाली उतरवा.

झटका मशीनवाल्यांसाठी

तुमच्याकडे पॅनेल आधीच आहे. चूक होते ती पीक निघाल्यावर. मशीन, बॅटरी, पॅनेल सारे घरी येते. पॅनेल माळ्यावर जाते आणि बॅटरी पलंगाखाली. तीन महिन्यांनी जोडून पाहावे, तर झटका बसत नाही. त्याच रात्री डुकरे येतात आणि उगवलेल्या सोयाबीनची रांगच्या रांग उकरून जातात.

यावर उपाय सोपा आहे. मशीन घरी आणले तरी पॅनेल छपरावर उन्हात मांडा आणि बॅटरी त्यावर जोडलेलीच ठेवा. बहुतेक मशीनच्या पेटीतच चार्ज कंट्रोलर असतो. तसे असेल तर कुंपणाची तार सोडून, झटक्याचे बटण बंद करून, चार्जिंग तेवढे चालू ठेवा. पेटीत कंट्रोलर आहे की नाही ते मल्टिमीटरने कळते: दुपारी भर उन्हात, बॅटरी भरलेली असताना, तिच्या टर्मिनलवर १५ किंवा जास्त व्होल्ट दिसले तर वीज आवरणारे कोणी नाही असे समजा आणि वेगळा कंट्रोलर लावा.

झटक्याचे पॅनेल बिनहंगामात ट्रॅक्टरच्या बॅटरीलाही वापरता येते. फक्त ते ४० वॅटचे असले तर दोन अँपिअरहून जास्त देते, तेव्हा कंट्रोलरशिवाय एक दिवसही जोडू नका.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. झटका मशीन हे क्षणभराचा झटका देणारे मान्य यंत्र असते. बॅटरी उतरली म्हणून कुंपणाच्या तारेत घरची किंवा मोटारीची लाइन सोडू नका. त्या करंटने जनावरे मेली आहेत, माणसेही मेली आहेत, आणि तो गुन्हा आहे.

सौर पंपाच्या पॅनेलला हात लावू नका

शासनाच्या योजनांतून आता पुष्कळ विहिरींवर सौर कृषिपंप बसले आहेत. 'कुसुम' योजना २०१९ मध्ये आली आणि 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना २०२४ मध्ये. एवढी मोठी पॅनेल उभी आहेत, त्यातूनच एक तार बॅटरीला ओढू, असा विचार कोणाच्याही मनात येईल. तसे करू नका. पंपाची पॅनेल एकापुढे एक जोडलेली असतात आणि त्यांचे व्होल्टेज शेकड्यांत जाते. ही डीसी वीज माणसाला सोडत नाही. जीव जाऊ शकतो. शिवाय जोडणी छेडली की दुरुस्तीची हमी जाते. बॅटरीसाठी तिचे तिचे लहान पॅनेल वेगळेच असावे.

महिन्याचा नेम

पॅनेल लावले म्हणजे विसरलो, असे होऊ नये. महिन्यातून एकदा, आणि उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, एवढे पाहा:

पाणी : बूच असलेल्या बॅटरीत पाणी पट्ट्यांच्या वर एक ते दीड सेंटिमीटर असावे. कमी असेल तर फक्त डिस्टिल वॉटर घाला. विहिरीचे, बोअरचे किंवा नळाचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी घालू नका; त्यातले क्षार पट्ट्यांचे आयुष्य खातात. वरून ॲसिड कधी घालायचे नाही, कारण आटते ते पाणी, ॲसिड आतच राहते.

व्होल्ट : सकाळी मोजा आणि भिंतीवर खडूने तारखेसह लिहून ठेवा. आकडा दर महिन्याला खाली सरकत असेल तर पॅनेलवर सावली आहे, तार सैल आहे किंवा फ्यूज गेला आहे.

उष्णता : बॅटरी कोठ्याच्या आतल्या, हवेशीर, सावलीच्या बाजूला ठेवा. पॅनेल उन्हात, बॅटरी सावलीत, हे सूत्र. मे महिन्यात पाणी फार लवकर आटू लागले तर पॅनेल दिवसाआड झाका.

आग : चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो ठिणगीने पेटतो आणि बॅटरी तोंडावर फुटते. जवळ बिडी, चूल, कंदील नको. पाणी पाहायला काडी ओढू नका, टॉर्च वापरा. ॲसिड अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाणी ओता. डोळ्यात गेले तर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन तसेच दवाखाना गाठा.

श्रोते नेहमी विचारतात

प्रश्न : आम्ही आठ दिवसांनी ट्रॅक्टर चालू करून पाच मिनिटे ठेवतो. तेवढे पुरत नाही का?
उत्तर : पुरत नाही. सेल्फ मारायला जी वीज खर्च होते तीच मंद इंजिनावर पाच मिनिटांत जेमतेम भरून निघते. आठ दिवसांचा पाझर तसाच राहतो. वर इंजिन पुरते तापत नाही, सायलेन्सरमध्ये ओल धरते. चालू करायचाच तर अर्धा-पाऊण तास कामाला न्या.

प्रश्न : बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते म्हणतात, खरे का?
उत्तर : हे जुन्या काळच्या लाकडी आणि रबरी पेट्यांच्या बॅटऱ्यांवरून आलेले बोलणे आहे. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीतून फरशीत वीज उतरत नाही. तरी खाली फळी टाका, म्हणजे ॲसिड सांडले तरी फरशी खराब होत नाही आणि ओल लागत नाही.

प्रश्न : आमच्या पंपाची बॅटरी लिथियमची आहे. तिलाही हेच करावे का?
उत्तर : नाही. लिथियमची बॅटरी वेगळ्या जातीची असते. तिचा पाझर फार कमी असतो आणि पडून ठेवताना ती साधारण निम्मी भरलेली, थंड जागी ठेवतात. तिला तिच्याच कंपनीचा चार्जर लावा. शिशाच्या बॅटरीचा कंट्रोलर तिला जोडू नका. पेटीवर लिहिलेले वाचून घ्या.

प्रश्न : पॅनेल घ्यायला आत्ता पैसे नाहीत. मग?
उत्तर : ट्रॅक्टर उभा करतानाच मायनसची तार सोडा. महिन्याला एकदा बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा, आणि एप्रिल-मेमध्ये तीन आठवड्यांनी. शेतात विजेच्या पाळ्या कशाही असोत, गावठाणातल्या घरी रात्रभर चार्जर लावता येतो. चार जणांत एक चार्जर घेतला तरी काम भागते.

प्रश्न : मेलेल्या बॅटरीचे काय करावे?
उत्तर : नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या, किमतीत सूटही मिळते. घरी फोडून शिसे काढू नका, ॲसिड वावरात किंवा नाल्यात ओतू नका. शिसे विषारी असते आणि लहान मुलांना सगळ्यात जास्त बाधते.

थोडक्यात

ठेवण्याआधी बॅटरी पूर्ण भरा.
१० वॅटचे पॅनेल, ५ अँपिअरचा कंट्रोलर, ५ अँपिअरचा फ्यूज.
पॅनेल उन्हात, दक्षिणेकडे, तीन वितींना एक वीत उतार, बॅटरी सावलीत.
जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना आधी पॅनेल, मग बॅटरी.
सकाळचा आकडा १२.४ च्या खाली जाऊ देऊ नका.
पाणी फक्त डिस्टिल. जवळ बिडी-काडी नको.

बियाण्याची उगवण आपण पेरणीआधी पोत्यात तपासून घेतो. वखर-पांभर दुरुस्त करून ठेवतो. बॅटरीचाही आकडा मेच्या अखेरीस एकदा पाहून ठेवा, म्हणजे कमी निघाली तरी भरायला पंधरा दिवस हाताशी राहतात. वापशाची सकाळ वर्षातून एकदा येते; त्या सकाळी किल्ली फिरवताच ट्रॅक्टर सुरू झाला पाहिजे.

ही पत्रिका वाचून झाली की कोठ्यात बॅटरीजवळ खिळ्याला अडकवून ठेवा. घरातल्या मुला-मुलींनाही वाचायला द्या. मल्टिमीटर तेच लवकर शिकतात. आणि शेजाऱ्याची बॅटरी कोपऱ्यात पडलेली दिसली तर त्यालाही सांगा.

रामराम.